वाऱ्यावर फिर्याद लावता येत नाही



रूपक हा कवीचा अलंकार आहे, असे आपण शाळेत शिकतो. मुत्सद्द्याच्या हाती तेच रूपक ढाल कसे बनते, याचे एक उदाहरण मी आपणापुढे ठेवणार आहे.

३ फेब्रुवारी १९६० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅक्मिलन यांनी केपटाऊन येथे दक्षिण आफ्रिकेच्या संसदेपुढे भाषण केले. या खंडातून परिवर्तनाचा वारा वाहत आहे, असे ते म्हणाले. ऐकणाऱ्या सभासदांत एकही काळा मनुष्य नव्हता.

हे वाक्य वकिलाच्या दृष्टीने तपासून पाहा. वारा कोणी सोडीत नाही, तो सुटतो. त्याला कर्ता नाही, म्हणून जबाबदारही कोणी नाही. आफ्रिकेतील माणसे सभा भरवीत होती, तुरुंगात जात होती, आपला हक्क मागत होती. रूपकाने त्या माणसांचाच वारा करून टाकला! वारा सुटला की शहाणा मनुष्य दारे-खिडक्या सावरतो. हक्क मागणारा मनुष्य दारात उभा राहिला, तर मात्र त्यास उत्तर द्यावे लागते.

मॅक्मिलन यांच्यावर आपण अन्याय करू नये. तुमच्या धोरणाच्या काही अंगांना आम्ही पाठिंबा देऊ शकत नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात यजमानांना तोंडावर सांगितले. त्यास धैर्य लागते. परंतु शब्दाची कसोटी कृतीत असते.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या कायद्यांविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी गणतीप्रमाणे ६९ माणसे ठार झाली. १ एप्रिल रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाचे धोरण सोडावे, अशा आशयाचा ठराव आला. नऊ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले. ब्रिटन व फ्रान्स तटस्थ राहिले. ज्यांनी वाऱ्याची वार्ता आणली, त्यांनीच त्या माणसांना वाऱ्यावर सोडले.

वर्णभेदाची राजवट जाऊन सर्वांच्या मताने सरकार येण्यास १९९४ साल उजाडले. ती राजवट वाऱ्याने पडली नाही, माणसांनी पाडली.

म्हणून आपणास माझी विनंती एवढीच आहे. कोणताही नेता वारा, वादळ किंवा पहाट यांची भाषा बोलू लागला, की टाळी वाजविण्यापूर्वी त्यास विचारा : हक्क कोणाचा आहे, आणि मतदानाच्या वेळी तुमचा हात कोणत्या बाजूस वर होणार आहे?