हातांतली विद्या आणि स्वतःची शैली

चित्रकलेच्या शाळेंत चार-पांच वर्षें काढलेल्या होतकरू चित्रकाराचा हात बहुधा चांगला तयार झालेला असतो. समोर बसलेल्या माणसाच्या गालावरची छाया, वस्त्राची चुणी, बोटांची ठेवण हें सारें त्याला बिनचूक उतरवितां येतें. परंतु चित्राच्या कोपऱ्यांतली सही झांकली, तर तें कोणाचें हें सांगतां येत नाहीं. ही गोष्ट एकदां ध्यानांत आली, कीं शैलीची तळमळ सुरू होते. आणि शैली ही कोठून तरी आणून चित्रावर चढवावयाची वस्तु आहे अशा समजुतीनें कोणी रंगाचे थर थापूं लागतो, तर कोणी आकृतींना उगाच वांकवितो. अमृता शेर-गिल हिला स्वतःची शैली लाभली ती उलट वाटेनें. तिनें प्रथम टाकून दिलें, आणि जें टाकलें त्याच्याच बळावर तिला नांव मिळालेलें होतें.

शीख सरदार घराण्यांतील पिता व हंगेरियन माता यांची ही कन्या १९१३ सालीं बुडापेस्ट येथें जन्मली. वयाच्या सोळाव्या वर्षीं ती पॅरिसला गेली आणि तेथील सरकारी कलाविद्यालयांत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखालीं शिकली. मानवी देह प्रत्यक्ष समोर ठेवून काढावयाचा व छायेनें त्याला गोलाई आणावयाची, ही तेथली शिस्त तिच्या अंगीं मुरली. १९३२ सालच्या 'तरुण मुली' या चित्राला पुढल्या वर्षीं पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें, आणि प्रदर्शन भरविणाऱ्या मंडळानें तिला सहसभासद करून घेतलें. वय अवघें वीस! याच धाटणीचीं चित्रें ती काढीत राहिली असती, तर तिला कीर्तीची ददात पडली नसती. पण तिचे एक गुरुजी तिला वारंवार सांगत, कीं पश्चिमेच्या करड्या चित्रशाळांत तिच्या रंगांना मोकळीक नाहीं. ते पूर्वेच्या उजेडांतच फुलतील. १९३४ च्या अखेरीस ती हिंदुस्थानांत परतली.

पुढें काय घडलें तें १९३५ मधील 'तीन मुली' या चित्रापुढें उभें राहिलें म्हणजे कळतें. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत तें आहे. तीन मुली एकमेकींना लागून बसल्या आहेत. खोली नाहीं, खिडकी नाहीं, सामानसुमान नाहीं. मागें नुसता रंग. पॅरिसच्या चित्रांत अंगावर आणि वस्त्रांवर खेळणारा उजेड येथें आवरून धरलेला आहे, आणि वस्त्रें मोठ्या, सपाट रंगक्षेत्रांनीं पसरलीं आहेत. मुलींच्या नजरा खालीं वळलेल्या. एकमेकींकडेहि त्या पाहत नाहींत. आपल्या हातीं नसलेल्या कसल्या तरी भवितव्याची त्या वाट पाहत आहेत, हें सांगावयास चेहऱ्यावर अश्रु लागले नाहींत. मानेच्या कलण्यानें आणि निश्चळ हातांनीं तें काम केलें आहे. ज्याला देह बिनचूक काढतां येत नाहीं, त्याच्यानें इतकें थोडक्यांत सांगवणार नाहीं.

सगळ्यांना हें रुचलें असें मात्र नाहीं. सिमल्याच्या कलाप्रदर्शनानें १९३५ मध्यें तिचीं कांहीं चित्रें नाकारलीं आणि एकाला पारितोषिक दिलें. तिनें तें पारितोषिक परत केलें! मुंबईनें अधिक रसिकता दाखविली. बॉम्बे आर्ट सोसायटीचें १९३७ चें सुवर्णपदक 'तीन मुली'लाच मिळालें. तरीहि या पहिल्या हिंदी चित्रांत करुणेचा भर किंचित् अधिक आहे, हें कबूल केलें पाहिजे. विषयाचें दुःख कधीं कधीं रंगाच्या पुढें धांवतें.

तो दोष घालविला अजंठ्यानें. १९३६ च्या अखेरीस ती तेथें गेली. मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं १८७० नंतरच्या दशकांतच तेथील चित्रांच्या नकला केल्या होत्या, आणि बंगालच्या चित्रकारांनीं तेथले कमलनयन व लवलवतीं बोटें उचलून किती तरी चित्रें सजविलीं होतीं. अमृतेनें डोळे घेतले नाहींत, दागिने घेतले नाहींत. एका रेघेवर देहाचें वजन कसें पेलतें, गर्दींतल्या आकृति एकमेकींत कशा गुंततात, सांवळी त्वचा आणि तांबूस भूमि एकमेकींना कशा उठाव देतात, एवढेंच तिनें पाहिलें. तेथून दक्षिणेस जाऊन कोचीनजवळच्या मट्टनचेरी राजवाड्यांतील भित्तिचित्रांसमोर बसून तिनें रेखनें केलीं. १९३७ मध्यें 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजारास निघालेले दक्षिणी खेडूत' हीं तीन चित्रें तयार झालीं. 'ब्रह्मचारी' चित्रांतील पांढरीं धोतरें व सांवळीं अंगें पाहावीं. त्या शुभ्रतेंत किती छटा आहेत हें मोजूं लागलें तर वेळ कसा गेला तें कळत नाहीं.

येथेंच थांबून या तीन चित्रांच्या आवृत्त्या काढणें सोपें होतें. ती थांबली नाहीं. मोगल आणि पहाडी लघुचित्रांचा, विशेषतः बसोलीच्या धगधगीत रंगांचा, तिला नाद लागला. १९३८ मध्यें विवाह झाल्यावर ती गोरखपूरकडील सरैया येथें राहूं लागली, आणि चित्रांतल्या भव्य आकृति लहान होऊन अंगणांत, झाडांखालीं, खाटेवर जाऊन बसल्या. १९४० मधील 'हळद दळणाऱ्या स्त्रिया' या चित्रांत हळदीचा पिवळा रंग असा कांहीं पेटला आहे, कीं बायकांच्या चेहऱ्यांकडे लक्ष उशिरां जातें. आणि चेहऱ्यांत फारसें कांहीं काढलेलेंहि नाहीं.

१९४१ च्या ५ डिसेंबर रोजीं लाहोर येथें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, ती वारली. शेवटचें चित्र अपुरें राहिलें. घराच्या गच्चीवरून दिसणारा खालचा देखावा त्यांत आहे. घरांच्या भिंती आणि म्हशी नुसत्या रंगांच्या ठोकळ्यांनीं मांडलेल्या, ओल्या हातानें घाईघाईनें ठेवल्यासारख्या.