'लोकेशन प्लीज!': फोटो सगळ्यांना, पत्ता जपून

लोकलमध्ये उभं राहून ऐकताय, भांडी घासता घासता ऐकताय की झोप येत नाही म्हणून ऐकताय, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय दोन शब्दांचा आहे. लोकेशन प्लीज.

तुम्ही रानातला एखादा बरा फोटो टाकलात की खाली पहिली कमेंट हीच येते. फूल कुठलं, पक्षी काय करत होता, हे क्वचितच कोणी विचारतं. जागा मात्र सगळ्यांना हवी असते. मीही पूर्वी बिनधास्त सांगायचे. आता सांगत नाही. का सांगत नाही, ते आज सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर महिना, सह्याद्रीतला एक छोटा गड. नाव सांगणार नाही, ते का हे पुढे कळेलच. मी आणि माझी मैत्रीण उतरत होतो. पाऊस थांबलेला, गवत गुडघ्याएवढं. वाटेत एक आजी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. मी खाली वाकून सोनकीचा फोटो काढत होते, तर म्हणाल्या, "पोरी, ते पिवळं काय, सगळीकडंच हाय. तिकडं उतारावर खरपुडी फुललीय, ती बघ की."

खरपुडी म्हणजे कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मी तोवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. उतारावर गेलो तर गवतात, गवतासारखीच उभी सात झाडं. हो, मोजली. सात. त्यातल्या चारांना फुलं होती.

हे फूल नीट समजून घ्या, कारण मजा तिथेच आहे. खाली फुगीर भाग, वर नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला छोटा पिंजरा. अगदी जुन्या कंदिलासारखा आकार. बारीक माश्या वासाने येतात आणि नळीतून आत घसरतात. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी आत अडकून फिरत राहते आणि त्या फिरण्यात परागकणांची पुडी तिच्या अंगाला चिकटते. मग ते केस कोमेजतात, वाट मोकळी होते, आणि माशी ती पुडी घेऊन दुसऱ्या फुलात अडकायला जाते. म्हणजे तुरुंग आहे, पण सुटका ठरलेली आहे. काम झालं की जामीन!

या कुळातल्या कितीतरी जाती फक्त आपल्या पश्चिम घाटात आहेत, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. नावंच बघा ना. सेरोपेजिया सह्याद्रिका. सेरोपेजिया पंचगणिएन्सिस. सेरोपेजिया महाबळेई, जी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांच्या नावाने ओळखली जाते. काही जातींची झाडं इतकी थोडी आहेत की एक डोंगरउतार गेला तर मोठा हिस्सा गेला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही झाडं वाचवायला, वाढवायला वर्षानुवर्षं काम केलंय. एवढी मेहनत कशासाठी, तर आपल्या हाताच्या बोटाएवढ्या फुलासाठी.

आणि मी काय केलं? फोटो काढला. फूल सुंदर दिसावं म्हणून आजूबाजूचं गवत दोन्ही हातांनी बाजूला सारलं, थोडं उपटलंसुद्धा. मागे गडाचा बुरूज आला होता, म्हटलं वा, काय फ्रेम आहे! बसमध्ये बसल्या बसल्या पोस्ट केला, गडाचं नाव टॅग केलं. त्या फोटोला माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त लाइक आले. 'लोकेशन प्लीज' विचारणाऱ्या प्रत्येकाला मी उत्साहाने सांगितलं. टाक्यापासून डावीकडे, दगडी पायऱ्या संपल्या की उतारावर.

पुढच्या सप्टेंबरमध्ये परत गेले. टाक्यापासून डावीकडे गेले तर तिथे पायवाट होती. आदल्या वर्षी नव्हती. उतारावर गवत झोपलेलं, माती तुडवून घट्ट झालेली. झाडं मोजली. दोन. एकालाही फूल नव्हतं. तीन ठिकाणी जमीन उकरलेली होती.

आता खरं सांगायचं तर कोणी उकरलं ते मला माहीत नाही. खरपुडीला जमिनीत कंद असतो. पावसाळा संपला की वरचं झाड वाळून जातं, आणि पुढच्या पावसात त्याच कंदातून पुन्हा उगवतं. तो कंद माणसं खातात, रानडुकरं खातात, साळिंदर खातं. त्यामुळे खड्ड्यांचा आरोप मी कोणा माणसावर करणार नाही. पण ती पायवाट रानडुकरांनी पाडलेली नव्हती. चॉकलेटचे कागदही डुकरांनी टाकले नव्हते.

आजी भेटल्या. म्हणाल्या, "लय लोक आली गं यंदा. मोबाइल घेऊन आडवी पडत्यात." मला काय उत्तर द्यावं कळेना. त्यांनी मला एकटीला दाखवलं होतं. मी हजारोंना दाखवलं.

मैत्रिणीशी यावरून वाद झाला माझा. ती म्हणाली, "हे बरंय तुझं. तू पाहिलंस, आता बाकीच्यांनी बघायचं नाही?" मुद्दा चूक नाही तिचा. निसर्ग काही माझ्या मालकीचा नाही. आणि जागा कोणालाच माहीत नसेल तर उद्या तिथे खाणकाम किंवा प्लॉटिंग सुरू झालं तर अडवणार कोण? नोंद हवीच. प्रश्न एवढाच, की ती नोंद कुठे जाते आणि किती बारीक पत्त्यासकट जाते.

कास पठाराचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात कासही आहे. तिथे गर्दी झाली, पण फुलांच्या हंगामात तिथे शुल्क आहे, नोंदणी आहे, माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे, स्थानिक लोक लक्ष ठेवायला आहेत. आमच्या उतारावर काय होतं? एक आजी आणि बारा शेळ्या. प्रसिद्धी मिळाली, राखण नाही मिळाली.

काजव्यांचंही तेच. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, भंडारदऱ्याच्या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकतात. तो उजेड म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे. त्यात आपण गाडीचे दिवे, टॉर्च आणि फ्लॅश मारला की त्यांना एकमेकांचं बोलणं 'ऐकू' येत नाही. शिवाय अनेक जातींच्या माद्या खाली गवतात, झुडपात असतात, म्हणजे बरोबर आपल्या बुटांखाली. आणि गंमत म्हणजे फ्लॅश मारून काजव्यांचा फोटो येतच नाही!

मग मी आता काय करते? पोस्ट करायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारते.

पहिला, हे पळून जाऊ शकतं का? फूल, घरटं, अंडी यांना पळता येत नाही. दुसरा, इथे किती आहेत? तेरडा, सोनकी डोंगरभर असेल तर खुशाल जागा सांगा. सात असतील तर नको. तिसरा, हे कोणाला 'हवं' आहे का? खायला, विकायला, पाळायला? घुबडाच्या ढोलीचा पत्ता तर कधीच देऊ नका. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात, दिवाळीच्या आसपास जास्तच.

यातल्या एकाही प्रश्नाने मन कचरलं तर मी फक्त जिल्हा लिहिते. किंवा नुसतं 'सह्याद्री'.

आता फोनबद्दल थोडं, कारण पत्ता आपणच देतो असं नाही, फोनही देतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सुरू असेल तर फोटोच्या आतच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. गॅलरीत फोटोची माहिती उघडून बघा, नकाशा दिसेल. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. आणि माझ्यासारखा बुरूज मागे ठेवू नका. ट्रेकर मंडळी बुरुजावरून गड ओळखतात!

आणि नोंद करायची तर कुठे? आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर करा. तिथे 'ऑबस्क्युअर्ड' असा पर्याय आहे. तो निवडला की खऱ्या जागेऐवजी साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. धोक्यातल्या कितीतरी जातींसाठी ते ॲप आपणहूनच तसं करतं. खरी जागा आत जपली जाते, आणि ज्या अभ्यासकांवर तुमचा विश्वास आहे त्यांना ती दाखवता येते. माझी ती सात झाडं मी तिथे तशीच नोंदवली आहेत. उशिरा, पण नोंदवली.

फोटो काढतानाही थोडं शिकले. नुसत्या फुलाचा फोटो ओळखायला पुरत नाही. पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, आणि शेजारी एक नाणं, म्हणजे आकार कळतो. तारीख, वेळ, जमीन कशी होती, फुलावर कोण आलं होतं, हे दोन ओळींत लिहा. तोडायचं नाही. आणि गवत उपटायचं नाही. ते गवत त्या झाडाचा आडोसा असतं. मी फ्रेम स्वच्छ केली, म्हणजे खरं तर शेळीला ताट वाढून दिलं.

गेल्या सप्टेंबरमध्ये पुन्हा गेले होते. या वेळी त्या उतारावर गेलेच नाही. आजींजवळ बसले, चहाची थर्मास नेली होती. विचारलं, "आजी, खरपुडी आहे का हो अजून?" म्हणाल्या, "चार हायत. एकीला फूल आलंय." मी विचारलं नाही कुठे. त्यांनीही बोट दाखवलं नाही. माझ्याकडे त्या फुलाचा फोटो नाही. पण चार आहेत, हे मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घराजवळचं एक झाड, किडा किंवा पक्षी निवडा. दहा मिनिटं नुसतं बघा. मग एक फोटो, आणि खाली चार ओळी: काय होतं, कधी, कशा जागी, काय करत होतं. आणि कोणी 'लोकेशन प्लीज' म्हटलं तर त्याला सांगा, 'आधी त्या चार ओळी वाच, मग बोलू.'

काळजी घ्या, पायाखाली बघून चाला. भेटू पुढच्या भागात!