वीज आणि पेट्रोल : एका मोटारीचा जमाखर्च

निव्वळ विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या मालकाला एक धास्ती सदैव सोबत करीत असते. वाटेंत वीज सरली तर पुढें काय? या धास्तीवर उतारा म्हणून अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें २०१० च्या डिसेंबरांत ‘शेव्हरोले व्होल्ट’ ही गाडी विक्रीस आणली. घरच्या भिंतींतील प्लगाला लावून भारावयाची बॅटरी, आणि जोडीला पेट्रोलचें इंजिन, अशी तिची व्यवस्था. अशा गाडीला ‘प्लग-इन हायब्रिड’ म्हणतात. २०१९ च्या फेब्रुवारींत व्होल्टचें उत्पादन थांबलें. तथापि या जातीची गाडी घेऊं पाहणाऱ्या गृहस्थाला तिचा जमाखर्च अजूनही उपयोगी पडण्यासारखा आहे.

पहिल्या व्होल्टची बॅटरी १६ युनिटांची असून तिचें वजन दोनशें किलोंच्या घरांत होतें. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची ती पेटी गाडीच्या मध्यावर पसरलेली असल्यामुळें मागें तिघांऐवजीं दोघांचीच बैठक. पूर्ण भारलेली गाडी सरकारी मोजणीप्रमाणें ३५ मैल, म्हणजे सुमारें ५६ किलोमीटर, पेट्रोलच्या थेंबाशिवाय जाई. पुढें इंजिन जागें होई, आणि भरल्या टाकीसह एकूण मजल ३७९ मैलांची पडे.

चालविणाराला प्रथम जाणवते ती शांतता. कळ दाबली तरी घरघर नाहीं, थरथर नाहीं. सिग्नल सुटतांच गाडी अशी निघते, कीं जणूं कोणी पाठीवर हात ठेवून पुढें लोटलें. गिअर बदलतांना बसणारा हिसका मुळींच नाहीं. दांडा ‘एल’ या खुणेवर आणून अॅक्सिलरेटरवरील पाय उचलला, कीं विजेची मोटर उलट जनित्राचें काम करते. वेग ओसरतो, आणि ओसरलेल्या वेगाची कांहीं वीज बॅटरींत परत जमा होते. सरावलेला चालक शहरांत ब्रेकला क्वचितच पाय लावतो. वीज सरून इंजिन सुरू झालें तरी गाडी अडखळत नाहीं. मात्र इंजिनाच्या आवाजाचा पायाशीं मेळ राहत नाहीं. पाय हलका असतांनाही तें एखादे वेळीं घुमूं लागतें, आणि नवखा मनुष्य उगाच दचकतो. कडाक्याच्या थंडींत तर बॅटरी भरलेली असूनही तें उबेसाठीं चालू होई, आणि विजेवरची मजलही आंखडे.

सर्वांत गमतीची गोष्ट पेट्रोलच्या टाकीची. रोज थोडेंच अंतर जाणाऱ्या मालकाचें इंजिन महिनोनमहिने चालूच होत नाहीं. सुमारें सहा आठवडे तें स्वस्थ बसलें, तर गाडी आपण होऊन त्याला थोडा वेळ फिरवून घेते. आणि टाकींतलें पेट्रोल वर्षाहून जुनें झालें, तर तें जाळून संपविते. न वापरलेल्या इंजिनाचेंही तेल दोन वर्षांनीं बदलावेंच लागतें. दोन यंत्रें बाळगणाराला निगाही दोहोंची.

आतां पैशांचा हिशेब. एकदां पूर्ण भारण्यास भिंतींतून सुमारें १३ युनिटें लागत. युनिट १२ सेंटांना धरलें, तर ५६ किलोमीटरांचा खर्च दीड डॉलर. साध्या गाडीला तेवढ्याच अंतरास एका अमेरिकन गॅलनाहून, म्हणजे ३.८ लिटरांहून, थोडें अधिक पेट्रोल लागेल. गॅलन चार डॉलरांना धरल्यास साडेचार डॉलर. दिवसाला तीन डॉलर वांचले आणि वर्षांत तीनशें दिवस गाडी फिरली, तर बचत नऊशें डॉलरांची. पण व्होल्टची आरंभींची किंमत होती ४१,००० डॉलर. करांतील ७,५०० ची सवलत वजा जातां उरले साडेतेहतीस हजार. आणि त्याच कंपनीची साधी ‘क्रूझ’ मिळे सुमारें सतरा हजारांना! ही तफावत भरून निघण्यास अठरा वर्षें हवींत. २०१३ मध्यें व्होल्टची किंमत ३४,९९५ वर आली, तरी अकरा-बारा वर्षें उरलींच. शिवाय ज्याचा कर तेवढा होत नसे, त्याला ती सवलतही पुरती मिळत नसे.

आणि हा हिशेब रोज रात्रीं प्लग लावणाराचा. साध्या १२० व्होल्टच्या प्लगावर बॅटरी भरण्यास सुमारें दहा तास लागत. म्हणजे स्वतःचें गॅरेज आणि त्यांत वीज हवी. ज्या अमेरिकन कुटुंबांपाशीं ही सोय होती, त्यांच्या व्होल्ट गाड्यांच्या एकूण मैलांपैकीं सुमारें पाऊण हिस्सा विजेवर झाल्याचें तेथील एका सरकारी प्रयोगशाळेच्या पाहणींत आढळलें. युरोपांतील चित्र मात्र निराळें. तेथें या जातीच्या पुष्कळ गाड्या नोकरींतून मिळालेल्या, पेट्रोलचें बिल मालकाच्या माथीं. मग रात्रीं तार ओढण्याची तसदी कोण घेतो? युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें अशा गाड्यांचा प्रत्यक्ष रस्त्यावरील धूर प्रयोगशाळेंतील आंकड्यांच्या साडेतीन पट भरला. तिसऱ्या मजल्यावर राहून गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्या कुटुंबाची गतही याहून फारशी वेगळी होणार नाहीं. विजेशिवाय ती केवळ एक जड पेट्रोल-गाडी. त्यांतून पहिल्या व्होल्टला तर चढ्या भावाचें उंची पेट्रोलच लागे.

खरा लाभ झाला तो दुसऱ्या मालकाचा. पहिल्यानें सोसलेली किंमतींतील घट याच्या पथ्यावर पडली, आणि रोजची बचत पहिल्या दिवसापासून हातीं आली. बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा एक लक्ष मैलांची होती. पहिल्या गाड्यांची ती मुदत केव्हांच उलटली आहे, आणि नवी बॅटरी म्हणजे हजारों डॉलरांचें काम. म्हणून जाणता गिऱ्हाईक रंग आणि गाद्या मागाहून पाहतो. आधीं रात्रभर भारलेली गाडी सकाळीं घेऊन निघतो, आणि इंजिन बोलूं लागेपर्यंत किती मैल झाले तें टिपून ठेवतो.