हजेरीपटावरची राहिलेली नावे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्यातले कोणी कर्जत लोकलने मुंबई गाठून निवृत्त झाले, कोणी खोपोलीच्या कारखान्यात स्थिरावले, कोणी आजही भातशेती सांभाळतात. कोणाला बढती मिळाली, कोणाला नात झाली, हे ग्रुपवर लगेच कळते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी खुशाली विचारायला जो तो फोन लावू लागला. पण वर्गातल्या बऱ्याच मुलींचे नंबरच कोणाकडे नव्हते. लग्नानंतर आडनाव बदलले, गाव बदलले. हजेरीपटावरच्या नावाने त्या सापडणार कशा?

मग आम्ही त्यांच्या माहेरी गेलो. कुठे भावाने, कुठे भावजयीने, कुठे शेजारच्या काकूंनी पत्ता दिला. अशा सात जणी आज इथे आल्या आहेत. एक अंगणवाडी सेविका आहे, एक पोळीभाजी केंद्र चालवते, एक तर पणजी झाली आहे!

अजून अकरा जणी सापडायच्या आहेत. या स्मरणिकेतल्या यादीत प्रत्येकीचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही आडनावे छापली आहेत. रिकाम्या जागा पाहा, आणि गावाकडे गेलात की त्यांच्या घरी जरूर चौकशी करा.