एसी बसवताना आपण तिथे उभं राहायचं

मी तुमच्याच प्रभागाची समन्वयक बोलतेय. दर वेळी मी कर्ज, हप्ते आणि वहीखातं यावर बोलते. आज एसीवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतप्यात कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, हे मी तुम्हाला काय सांगू! चार-पाच वर्षांपूर्वी एका गटातून एसीसाठी कर्जाची मागणी आली, तेव्हा मीच म्हटलं होतं की ही चैन आहे. पण मागणाऱ्या काकूंच्या घरी सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला. गटाने कर्ज दिलं.

एसी एका दुपारी बसवून झाला. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात खोली थंडच होईना. बसवणारा आला आणि म्हणाला, "गॅस संपला, दरवर्षी भरावा लागतो." अडीच हजार रुपये घेतले. तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. काकूंचे दोन हप्ते थकले, म्हणून मी विचारायला गेले, तेव्हा हे सगळं कळलं.

मी बी.ए. झालेली, मला मशीनमधलं काही कळत नाही. पण आमच्या ओळखीचा एक मुलगा आयटीआयमध्ये हेच काम शिकलाय. त्याला बोलावलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, एसीतला गॅस संपत नसतो." आपल्या सिलिंडरचा गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला गॅस बंद नळीत नुसता फिरत राहतो. आतल्या मशीनमध्ये खोलीची उष्णता घेतो आणि बाहेरच्या मशीनमध्ये सोडतो. कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतोय.

त्याने साबणाचा फेस केला आणि बाहेरच्या मशीनजवळच्या नटाला लावला. आपण रेग्युलेटरला लावतो ना, तस्साच. बारीक बारीक बुडबुडे आले. तांब्याच्या नळीचं तोंड नटात बसवण्यासाठी फुलवावं लागतं. ते फुलवताना चिरलं होतं. पहिल्या दिवसाची चूक, आणि काकू दोन वर्षं तिचे पैसे भरत होत्या.

म्हणून सांगते, एसी बसवायला माणूस येतो तेव्हा घरी आपणच असतो. तो विचारतो, "घरात कोणी माणूस नाही का?" त्याला सांगायचं, "मी आहे, मलाच दाखवा."

काय बघायचं? नळ्या दोन असतात, एक बारीक, एक जाड. दोन्ही तांब्याच्या हव्यात. बसवेपर्यंत त्यांची तोंडं बंद हवीत, नाहीतर धूळ आत जाते. वाकवताना नळी दबता कामा नये. दबलेली दिसली तर तो तुकडा बदलून मागा. दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं फोमचं आवरण हवं, नाहीतर भिंतीवर पाणी ठिबकतं. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं हवं, म्हणजे पाणी बाहेर जाईल. नट आवळताना दोन पाने लागतात, एकाने धरायचं, दुसऱ्याने आवळायचं. एकाच पान्याने जोर लावला की नळी पिळली जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळ्या जोडल्यावर त्यांच्या आत आपली साधी हवा आणि ओल असते. ती व्हॅक्यूम पंप लावून ओढून काढायची असते. त्याला वेळ लागतो, निदान पंधरा-वीस मिनिटं. मग पंप बंद करून गेजचा काटा बघायचा. काटा परत फिरला तर कुठेतरी फट आहे. काटा जागेवर राहिला, तरच मशीनमधला गॅस नळीत सोडायचा. पण बरेच जण पंप आणतच नाहीत. मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात, दोन मिनिटांत काम झालं! आत ओल राहते आणि पुढे कॉम्प्रेसर जातो. म्हणून आधी फोनवरच विचारा, "पंप आणणार ना?"

नवीन एसीत बहुतेक आर-३२ नावाचा गॅस असतो. काहींत आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, आपल्या सिलिंडरच्या गॅसचाच भाऊ. बाहेरच्या मशीनच्या पट्टीवर नाव आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. आर-३२ जरा कमी पेटतो, आर-२९० पटकन पेटतो. दोन्ही हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतात. आणि सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तसा यांना नसतो. त्यामुळे काम चालू असताना त्या खोलीत चूल, दिवा, उदबत्ती काही नको. बिडी तर नाहीच. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. गॅस सुटल्याचा फुस्स आवाज आला तर मुलांना घेऊन बाहेर व्हा, बटणांना हात लावू नका. तो गॅस अंगावर उडाला तर इतका थंड असतो की कातडी भाजल्यासारखी होते. आणि ज्वाळेवर गेला तर आर-३२ चा विषारी धूर होतो. म्हणून लायटर लावून गळती शोधणाऱ्याला तिथेच थांबवा.

गळती तपासायला नळीत नायट्रोजन भरतात. वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीच भरायचा नाही. आतल्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. तसंच घर बदलताना किंवा रंग देताना एसी काढायचा असेल, तर घरच्या पोराने मोबाइलवर बघून हात घालू नये. मशीन चालू असताना नळीत हवा शिरली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो.

अर्थिंग आणि वेगळा एमसीबी हवाच, त्यावर वायरमनकडून पुढे कधी ऐकू.

काकूंच्या घरी त्या मुलाने चिरलेलं टोक कापलं, नवीन फुलवलं, पंप लावला आणि पट्टीवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम काट्यावर मोजून गॅस भरला. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, गॅस भरायची वेळ आली नाही. काकूंचं कर्जही फिटलं.

आता आमच्या गटाने ठराव केलाय. एसीसाठी कर्ज दिलं की बसवणाऱ्याच्या मजुरीतले पाचशे रुपये अध्यक्षांकडे राहतात. पंप लावला, फेस लावून बघितला, असं बिलावर लिहून त्याने सही केली की पैसे त्याच्या हातात. बिल कर्जाच्या फाईलला लागतं. पहिल्या वेळी एक जण रागावून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पंप घेऊन परत आला.