चाकावरची वळचण

घर बांधताना पाखे भिंतीच्या बाहेर हातभर काढण्याची रीत ज्या कारणाने पडली, त्याच कारणाने मोटारीच्या चाकांवर मडगार्डे आली. पाखे आखूड पडले तर पावसाचे पाणी भिंत खाते. मडगार्ड आखूड पडले तर चिखल, पाणी आणि खडे बाहेर उडतात. फरक एवढाच की, घराच्या बाबतीत नुकसान घरमालकाचे होते आणि गाडीच्या बाबतीत ते बहुधा मागून येणाऱ्या तिऱ्हाइताचे होते. डोंगरवाटांवर नेण्यासाठी उंच केलेल्या जीपच्या मडगार्डांना एक रुंद किनार जोडतात. बाजारात तिला फेंडर फ्लेअर म्हणतात. पुष्कळ मालक तिच्याकडे गाडीचा रुबाब वाढविणारा दागिना म्हणून पाहतात. वस्तुतः गाडी उंच करणाऱ्याने अंगावर घेतलेली ती एक जबाबदारी आहे.

जीप मूळची लष्करी. दुसऱ्या महायुद्धात, 1941 सालापासून, विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. त्या गाडीचे टायर सुमारे 6 इंच रुंद होते आणि पत्र्याची सपाट मडगार्डे त्यांना पुरती झाकीत. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत या गाडीची जुळणी सुरू केली आणि भारतातील कच्च्या रस्त्यांशी जीपचे नाते जडले. नाशिकला तयार होणारी थार ही त्याच कुळातील. 2020 साली आलेल्या नव्या थारला 255 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 10 इंच रुंदीचे टायर मिळू लागले. हौशी मंडळी तेवढ्यावर थांबत नाहीत. 33 इंच व्यासाचा आणि साडेबारा इंच रुंदीचा टायर हे त्यांचे आवडते माप. पहिल्या जीपच्या टायरहून दुपटीपेक्षा रुंद असे हे चाक मूळच्या मडगार्डाखाली मावेल कसे?

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. स्प्रिंगा बदलून गाडीचा सांगाडा उंच केला, म्हणजे गाडी खडकांवरून निर्धास्त जाईल असे अनेकांना वाटते. परंतु स्प्रिंगांनी सांगाडा उचलला जातो. चाकांना जोडणारा ॲक्सल होता तेथेच राहतो. त्याच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून वर न्यावयाचा, तर टायरच मोठा हवा. व्यास 2 इंचांनी वाढविला तर ॲक्सल 1 इंच वर जातो. सांगाडा उचलण्याचे मुख्य प्रयोजन म्हणजे या मोठ्या टायरला जागा करून देणे. मोठा टायर बहुधा रुंद असतो आणि आतल्या बाजूस सस्पेंशनला घासू नये म्हणून त्याची रिम बाहेर काढलेली असते. परिणामी चाक मडगार्डाच्या बाहेर दोन-तीन इंच डोकावू लागते.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असा घराचा न्याय आहे. चाकाच्या बाबतीत मात्र तळाचा चिखल सहज टपापर्यंत चढतो. गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या टायरचा पृष्ठभाग आसाभोवती त्याच वेगाने फिरत असतो. टायरच्या खाचांत अडकलेला खडा सुटला की, ज्या क्षणी सुटला त्या क्षणीच्या दिशेने सरळ उडतो. चाकाच्या मागील बाजूस तो सुटला, तर ताशी 60 किलोमीटर वेगाने वर झेपावतो आणि मागून येणारा वाहनस्वार त्या हवेतल्या खड्यावर जाऊन आदळतो. श्रोत्यांपैकी ज्यांनी पावसाळ्यात अशा गाडीच्या मागे दुचाकी चालविली असेल, त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात मडगार्डांनी वा तत्सम साधनांनी मागे उडणारा चिखल-पाण्याचा मारा आटोक्यात ठेवलाच पाहिजे असे बंधन घातले आहे, ते यासाठीच.

भारतात कामाला हात घालण्यापूर्वी कायदा पाहणे अगत्याचे आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक फेरफारास 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. तेव्हा उंची, टायर आणि रुंदी यांविषयी परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी व लेखी उत्तर हाती आल्यावरच खर्च करावा. रुंद किनार लावली म्हणून बेकायदा उंची कायदेशीर होत नाही.

परवानगीचा प्रश्न सुटल्यावर पहिले काम मापाचे. गाडी सपाट जागी, नेहमीच्या ओझ्यासह उभी करावी. मडगार्डाच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडावा आणि टायर त्या दोरीच्या किती बाहेर येतो ते मोजावे. टायरची जमिनीला टेकणारी संपूर्ण रुंदी जी झाकील, तीच किनार योग्य. मग एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवावे. सरळ उभ्या गाडीत मोकळे फिरणारे चाक अशा वेळी पत्र्याला घासते आणि वळणावर घासलेला टायर फाटला तर त्याची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही.

किनारी बहुधा एबीएस प्लॅस्टिकच्या असतात. प्लॅस्टिक उन्हाने पोलादापेक्षा कितीतरी अधिक वाढते. मीटरभर लांबीची पट्टी 30 अंश तापली तर सुमारे दोन मिलिमीटर वाढते, पत्रा मात्र अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून प्लॅस्टिकमधील भोके किंचित लांबट ठेवावीत, पेच मधल्या भोकापासून दोन्ही टोकांकडे हाताने आवळीत जावे आणि अवाजवी जोर लावू नये. फार आवळलेली किनार पहिल्या उन्हाळ्यातच भोकापाशी तडकते. नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर किनार बसवावयाची, तर पत्रा स्वच्छ आणि कोरडा हवा. अशा पट्टीची पकड पूर्ण होण्यास सुमारे तीन दिवस लागतात. तोवर गाडी धुऊ नये. ऐन पावसाळ्यात हे काम न काढणेच शहाणपणाचे.

या साऱ्यांत अधिक घात करणारी वस्तू म्हणजे ड्रिलने पाडलेले भोक. प्रत्येक भोक म्हणजे पत्र्यावरील रंगाच्या चिलखताला पडलेले छिद्र. त्याची कड कानशीने साफ करून, गंजरोधक प्रायमर आणि रंग देऊन, तो वाळल्यावरच बोल्ट घालावा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा असावा आणि पत्र्यास लागून नायलॉनचा वॉशर असावा. किनार व पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी न घातल्यास अडकलेली रेती कंपनांनी रंग खरवडते आणि मागे साचलेला ओला चिखल आतल्या आत पत्रा खातो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हा क्षय अधिक वेगाने होतो. बाहेरून चकचकीत दिसणारी किनार काढल्यावर आत चाळणी झालेला पत्रा निघतो. यास्तव दर पावसाळ्यानंतर किनारीमागची जागा पाण्याच्या झोताने धुवावी, पेच तपासावेत.

काम नीट झाले की नाही, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. ओल्या कच्च्या रस्त्यावरून गाडी मैलभर न्यावी आणि तिच्या बगला पाहाव्यात. दारांवर आणि मागच्या काचेवर चिखलाचे फराटे उमटले असतील तर किनार अजून अपुरी आहे, किंवा चाकामागे रबरी पडदा हवा आहे. बगला स्वच्छ असतील तर त्या रस्त्याने मागून येणाऱ्या माणसाचे कपडे आणि डोळेही सुरक्षित राहिले, असे खुशाल समजावे.