कुलुपाबाहेरचे विज्ञान
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या अभ्यासिकेत लहान मुलांसाठी जमवलेल्या विज्ञान साहित्याविषयी मी बोलावे असे कार्यकारिणीने ठरवले, तेव्हा सर्वांत आधी माझ्या पत्नीला हसू आले. मी बी. ए. झालेला माणूस. वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर नोटा मोजतो आहे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तो का सुटला, हे आधी सांगितले पाहिजे.

मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो, तिथे एक कपाट होते. १९८७ साली खडू-फळा योजना सुरू झाली आणि प्राथमिक शाळांना विज्ञानाच्या पेट्या मिळू लागल्या. आमच्या शाळेला मिळालेली पेटी त्या कपाटात गेली आणि तिथेच राहिली. काचेतून एक भिंग, एक तराजू आणि लाल रंगाचा लोहचुंबक दिसायचा. माझ्या आठवणीत ते कपाट दोनदा उघडले, दोन्ही वेळा तपासणीला साहेब येणार होते. लोहचुंबकाचे सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, हे वाक्य मी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. पण ते ढकलणे माझ्या बोटांना प्रत्यक्ष जाणवले ते याच अभ्यासिकेत, वयाची चाळिशी ओलांडल्यावर. त्या दिवशी मी कितीतरी वेळ दोन चुंबक हातात घेऊन बसलो होतो. मुले माझ्याकडे पाहून हसत होती.

गुरुजींना मी दोष देत नाही. बँकेत नोकरीला लागल्यावर मला त्यांची अडचण कळली. शाळेत जडवस्तू संग्रह नोंदवही असते. भिंग फुटले की त्या नोंदीपुढे ज्याची सही आहे, त्याला जाब द्यावा लागतो. ते कपाटात पडून राहिले तर कोणी काही विचारत नाही. अशा वेळी शहाणा माणूस कुलूपच लावणार.

तीन वर्षांपूर्वी अभ्यासिकेला थोडी देणगी मिळाली, तेव्हा दुकानातून तयार साहित्याचे कपाट आणावे असे ठरत होते. मीही त्याच मताचा होतो, हे कबूल करतो. काचेचे कपाट दिसते चांगले, आणि देणगीदारांना दाखवायला काहीतरी लागतेच. त्या बैठकीत आपल्या एका निवृत्त शिक्षिकाताईंनी होशंगाबादची हकीकत सांगितली. आपल्या नागपूरहून भोपाळच्या गाडीत बसले की इटारसीनंतर हे स्टेशन येते; आज त्याचे नाव नर्मदापुरम आहे. १९७२ साली त्या जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, दिसेल ते वहीत लिहायचे आणि त्यावर वर्गात वाद घालायचा, अशी पद्धत. परीक्षेलासुद्धा पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने हे काम वाढवले. २००२ साली राज्य शासनाने तो कार्यक्रम शाळांतून बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबते, हे वाचून मन विषण्ण होते. परंतु त्यातून तयार झालेली साहित्याची कल्पना कोणाला बंद करता आली नाही.

अरविंद गुप्ता हे अभियंते १९७८ साली पुण्यातील नोकरीतून रजा काढून तिथे गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी सांधे जोडायची युक्ती काढली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी वाकत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. आमच्या मुलांनी हे केले तेव्हा एका सुताराच्या मुलाने वर बोट दाखवले आणि म्हणाला, "काका, म्हणून छपराच्या कैचीत त्रिकोण असतात." मला हे माहीत नव्हते. गुप्तांची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, मराठीतही पुष्कळ आहेत. अभ्यासिकेच्या संगणकावर ती उतरवून ठेवली आहेत.

साध्या वस्तूंतून शिकवणे म्हणजे गरिबांना दिलेले दुय्यम विज्ञान, असे बैठकीत एकजण म्हणाले. आपल्या समाजाने नेहमी उरलेसुरलेच का घ्यावे, हा त्यांचा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो. त्याला माझे उत्तर असे. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या, तेथील शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक पुस्तिका काढली. हाताशी असेल त्यातून उपकरणे कशी करावीत, हे तिच्यात होते. तिचाच विस्तार होऊन १९५६ साली युनेस्कोचा विज्ञान शिक्षणाचा मोठा ग्रंथ निघाला आणि तो जगभर वापरला गेला. तेव्हा वस्तू साधी आहे म्हणून विज्ञान हलके ठरत नाही. मात्र चांगले भिंग आणि चांगला तराजू विकतच घ्यावा लागतो. तिथे आम्ही काटकसर केली नाही.

बाकीचे घराघरांतून आले. जुन्या स्पीकरमधले चुंबक, सुतळी, नटबोल्ट, टॉर्चचे बल्ब. हळद लावलेला कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो आणि लिंबाने पुन्हा पिवळा होतो. वरणाचा डाग धुताना लाल झालेला आपल्या प्रत्येक आईने पाहिलेला आहे, त्याला प्रयोग म्हणतात हे तेवढे कोणी सांगितले नव्हते. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली तर तो कागद लिंबाने गुलाबी आणि साबणाने हिरवट होतो. जखमेवर लावायच्या आयोडीनचा थेंब कच्च्या बटाट्यावर काळानिळा होतो, कारण त्यात पिष्ट असते. दुधात पिष्टाची भेसळ आहे का हे याच थेंबाने पाहता येते, हे कळल्यावर सातवीतल्या दोन मुलींनी वस्तीतल्या पाच घरांचे दूध तपासले. कशातही निळा रंग आला नाही. त्या हिरमुसल्या. मी म्हटले, "आढळले नाही" हीसुद्धा नोंदच आहे, लिहा.

काही वस्तू आम्ही घेत नाही. एका हितचिंतकाने जुने पाऱ्याचे थर्मामीटर आणून दिले, ते नम्रपणे परत केले. पारा, ॲसिड, ट्यूबलाइट, जुन्या टीव्हीचे आतले भाग यांना मज्जाव आहे. विजेचे सर्व प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवर होतात, भिंतीतल्या प्लगला कोणी हात लावायचा नाही.

नोंदवही मात्र मी ठेवतो, ती सवय जात नाही. वस्तू कोणाकडून आली, तिने कोणता प्रश्न सोडवता येतो, कोणी वापरली आणि काय दिसले, एवढेच रकाने. बँकेत दोन वर्षे ज्या खात्यात व्यवहार होत नाही ते निष्क्रिय ठरते. तोच नियम इथे लावला आहे. दोन वर्षे कोणी हात न लावलेली वस्तू दुसऱ्या वस्तीतल्या अभ्यासिकेला देऊन टाकायची. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलाच्या हातून विकतचे भिंग फुटले. संध्याकाळी त्याची आई पदराच्या गाठीला पैसे बांधून आली. मी तिला नोंदवही दाखवली. त्या भिंगापुढे मुंगीचे पाय, मिठाचे कण, नोटेवरची बारीक अक्षरे अशा एकतीस नोंदी होत्या, आणि शेवटी मी लिहिले होते, "वापरताना फुटले." पैसे घेतले नाहीत. यावरून कार्यकारिणीत थोडे बोलणेही झाले. ते इथे उगाळत नाही.

एक विनंती करून थांबतो. नागपुरात २६ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत हे पुन्हा घडते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. मे महिन्यात शाळांना सुट्टी, त्यामुळे हा धडा कोणतीही शाळा प्रत्यक्ष दाखवू शकत नाही. आपण दाखवू शकतो. साहित्य म्हणाल तर एक सरळ पाइपचा तुकडा, ओळंबा आणि खडू. ओळंबा आपल्याकडे नाही; सभेत गवंडीकाम करणारे बांधव असतील त्यांनी एक द्यावा. मुलांनी डोक्याला रुमाल बांधून अकरा वाजताच गच्चीवर यावे, म्हणजे सावली लहान होत जाताना खडूने खुणा करता येतील. मटक्यातल्या पाण्याची सोय मी करतो.